सीसीत कोण, वांध्यात कोण

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत मशीन बंद पडलं की आधी मेकॅनिक नाही, मेल निघतो. सीसीत सात जण. त्यातल्या पाचांचा मशीनशी काडीचा संबंध नाही, पण उद्या 'मला कुणी सांगितलंच नाही' म्हणायला जागा नको. सुरुवात 'ॲज डिस्कस्ड'ने. डिस्कशन झालेलं नसतं, म्हणून तर लिहायचं. उत्तर येतं, 'नोटेड'. मेकॅनिक शेजारच्या शेडमध्ये चहा पीत असतो. हाक मारली असती तर काम झालं असतं, पण हाकेचा रेकॉर्ड राहत नाही ना!

इकडे लासलगावात ट्रॅक्टरची रांग. व्यापारी ट्रॉलीतला कांदा उचलतो, दाबून बघतो आणि पुकारा सुरू: 'चौदाशे... चौदाशे दहा... एकवीस!' आख्ख्या ट्रॉलीचा सौदा चारचौघांत, बघता बघता. ना अजेंडा, ना मिनिट्स. भाव पटला नाही तर शेतकरी तिथंच सांगतो, मोठ्यानं, वेळप्रसंगी ठेवणीतल्या शब्दांत.

लगेच 'गावाकडचं बोलणं कसं रोखठोक' म्हणून उसासा टाकू नका. तीच ट्रॉली व्यापाऱ्याच्या खळ्यावर रिकामी होताना 'वर एक माल, खाली एक' असा वांधा निघतो आणि भाव उतरतो. तिथं चारचौघं नसतात. द्राक्षबागेतही पेठ-सुरगाण्याहून आलेल्या मजुरांच्या टोळीचं सगळं बोलणं मुकादमामार्फत. एकराचा दर तोंडी, उचल तोंडी; हिशेबाच्या दिवशी मात्र ज्याचं त्याचं तोंड वेगळं. दिवसभर हात वर करून घडांची विरळणी करणाऱ्या बाईला दर किती ठरला होता, हे कळतंच असं नाही. तिला सीसीत कोण घेणार?

लेखी आणि तोंडी, या दोन कारभारांची समोरासमोर गाठ पडली डिसेंबर २०२३ मध्ये. ७ तारखेला दिल्लीहून अधिसूचना निघाली: कांदा निर्यात बंद. कुणाशी 'डिस्कस्ड' नव्हतं. चांदवडच्या शेतकऱ्यांनी दुसऱ्याच दिवशी उत्तर दिलं, मुंबई-आग्रा महामार्गावर बसून. सीसीत सगळे ट्रकवाले.

त्यावर दिल्लीचा 'रिप्लाय' आला ४ मे २०२४ रोजी. बंदी उठली, टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क तेवढं अटॅचमेंटमध्ये. नाशिक आणि दिंडोरीचं लोकसभेचं मतदान २० मेला होतं. डेडलाइन दिसली की सरकारी मेलही वेळेत सुटतो.