बोट लागणे

मराठीत ‘बोट लागणे’ या शब्दप्रयोगाचे दोन अर्थ आहेत : बोट धक्क्याला येऊन टेकणे हा एक, आणि तिच्या हेलकाव्यांनी माणसाच्या पोटातले पाणी हलून ते वर येऊ पाहणे हा दुसरा; पैकी पहिला अर्थ प्रवासाच्या अखेरीस हमखास येतो या भरवशावर मित्रमंडळी सहली आखतात, आणि दुसऱ्या अर्थाची चिंता प्रस्तुत लेखकासारख्या, घाटात एस.टी.चे पहिले वळण येताच खिडकीची जागा मागणाऱ्या माणसावर सोडतात.

जानेवारीतील एका सोमवारी अशाच सात मित्रांनी मुंबई बंदरात एक शिडाची बोट दिवसभरासाठी चार्टर केली, म्हणजे बोट, तिचा तांडेल (बोटीवरचा मुख्य नाविक) आणि दोन खलाशी हे सर्व मिळून भाड्याने घेतले. भेटण्याची जागा गेटवे ऑफ इंडिया ही होती. पंचम जॉर्ज 1911 साली मुंबईला आले, त्याचे स्मारक असलेली ही कमान 1924 साली पुरी झाली, म्हणजे पाहुणे येऊन गेल्यावर 13 वर्षांनी. त्या मानाने मंडळी सव्वा तास उशिरा जमली हे वक्तशीरपणाचेच लक्षण मानावे लागेल.

तथापि या सव्वा तासात वारा सरत आला होता. हिवाळ्यात कोकण किनाऱ्यावर वाऱ्याच्या दोन पाळ्या चालतात : रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होत असल्यामुळे पहाटे जमिनीकडून पाण्याकडे वाहतो तो मतलई वारा, आणि जमीन तापल्यावर दुपारी समुद्राकडून येतो तो खारा वारा. या दोन पाळ्यांच्या मध्ये वारा पडतो. गिरणीत पाळी बदलताना निदान भोंगा तरी होत असे, येथे मात्र बोट निघते न निघते तोच शीड एकाएकी वाळत घातलेल्या धोतरासारखे लोंबू लागले, आणि ओहोटी बोटीला बाहेरच्या समुद्राकडे ओढू लागताच तांडेलाने नांगर टाकला.

बोटीला छोटे इंजिन होते व ते सुरू करण्याची तयारी तांडेलाने तीनदा दाखवली, परंतु नौकानयनावरचे एक पुस्तक अर्धे वाचलेल्या मित्राने, शिडाच्या बोटीने इंजिन वापरणे म्हणजे एकादशीला चोरून भजी खाणे होय, असा निर्णय दिला आणि लगेच बटाटेवड्यांचा डबा उघडला. नांगरलेली बोट स्थिर असते हा गैरसमज आहे. जवळून जाणाऱ्या प्रत्येक लाँचची लाट तिला पाळण्यासारखी झुलवते. अशा वेळी कानाच्या आतील तोल सांभाळणारा अवयव ‘आपण हलत आहोत’ असे कळवतो, केबिनमध्ये वर्तमानपत्र वाचणारे डोळे ‘सर्व जागच्या जागी आहे’ असे कळवतात, आणि मेंदू या परस्परविरोधी अहवालांचा निवाडा न करता प्रकरण तिसऱ्याच खात्याकडे, म्हणजे पोटाकडे, वर्ग करतो. प्रस्तुत लेखकाच्या पोटाने हे प्रकरण दोन तासांत पाच वेळा निकाली काढले. मित्रांनी प्रत्येक वेळी, वडे मात्र खाली न ठेवता, सहानुभूती व्यक्त केली.

जवाहर द्वीपावरच्या तेलाच्या टाक्या दिसल्या. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात, त्यामुळे ती न पाहिल्याबद्दल कोणासही वाईट वाटले नाही.

तांडेल साठीच्या घरातला होता. त्याने काही न बोलता लेखकाला दंडाला धरून केबिनबाहेर आणले, हातात आल्याचा तुकडा ठेवला, आणि दुपारी पहिली झुळूक येऊन नांगर उचलला जाताच सुकाणूचा दांडा त्याच्या हाती देऊन उरणकडच्या द्रोणागिरीच्या डोंगरावरून नजर हलवू नये, एवढेच सांगितले. शीड भरले, बोट एका कुशीवर कलली, पाण्याचा आवाज बदलला, आणि ज्या माणसाला सकाळपासून कोणी पाणी प्यायचा पेलाही विश्वासाने दिला नव्हता, त्याच्या हाती आठ-दहा जिवांसह सगळी बोट होती. म्हाताऱ्याचा हात दांड्यापासून वीतभर अंतरावर, पण दांड्याला न लागता, तासभर तसाच होता. लेखकाला मळमळ आठवलीही नाही.

अर्धे पुस्तक वाचलेला मित्र या सुमारास आडवा झाला होता व त्याने इंजिनाची चौकशी केली.

हिवाळ्यात अशी बोट घेऊ इच्छिणाऱ्यांनी दुपारनंतरची वेळ मागून घ्यावी, कारण भाडे तासांवर मोजतात आणि वारा नसलेला तासही त्यात धरतात.