नव्वद सेकंदांचं पोलाद

कॅम्प-१ मध्ये ब्लास्ट फर्नेसविषयी काही बोलायचं असेल, तर आधी खिडक्या लावून घ्याव्यात. इथे जवळपास प्रत्येक घरात भिलाई स्टील प्लांटमधून रिटायर झालेला एक तरी माणूस असतो. यंत्रांच्या धडधडाटात त्याचे कान निम्मे गेलेले असतात. पण 'फर्नेस' हा शब्द त्याला तीन घरं पलीकडून स्वच्छ ऐकू येतो. आमच्या खिडकीची कडी गेल्या पावसाळ्यापासून मोडलेली आहे. पुढचं सगळं त्या कडीमुळे झालं.

कॉलेजांच्या एका स्पर्धेसाठी आम्हाला नव्वद सेकंदांचा अॅनिमेटेड इन्फोग्राफिक करायचा होता. म्हणजे माहिती हलली पाहिजे, आकडे नाचले पाहिजेत आणि बघणाऱ्याला आपण काही शिकतोय असा संशयही येता कामा नये. टीम चौघांची. चित्रं काढणारी तेलुगू, अॅनिमेशन करणारा छत्तीसगढी, आवाजाचं बघणारा ओडिया आणि मी मराठी. ही राष्ट्रीय एकात्मता मुद्दाम जमवलेली नव्हती. कारखाना बांधायला देशभरातून माणसं आली, त्यांच्या वस्तीला कॅम्प म्हटलं गेलं आणि ती माणसं पुन्हा गेलीच नाहीत. गल्लीतली कुठलीही चार घरं उचला, हेच निघतं. माझ्याकडे माहिती गोळा करायचं काम आलं, कारण माझ्याकडे आजोबा होते, आमचे आबाजी. तुमसरहून गाडीत बसून पॉवर हाउस स्टेशनला उतरलेले आणि अजून घराला 'क्वार्टर' म्हणणारे.

विषय ठरला 'दगड ते रूळ'. दल्ली-राजहराचं खनिज, नंदिनीचा चुनखडक, कोक, भट्टी, पोलाद, रूळ. सुरुवातीला दोन तारखा: २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी करार, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या भट्टीचं उद्घाटन. स्टोरीबोर्डच्या चिठ्ठ्या भिंतीवर चिकटवल्या आणि कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "फर्नेस को चार सेकंड देते हैं."

खिडकीत एक डोकं उगवलं. मग दुसरं.

पहिला आक्षेप कोक ओव्हनवाल्या अंकलचा. ते चिठ्ठ्यांपुढे बराच वेळ हात मागे बांधून उभे राहिले. "कोयले का कोक बनने में सोलह-अठारह घंटे लगते हैं," ते म्हणाले, "तुम दो सेकंड में निकाल रहे हो? कच्चा रहेगा." त्यांना कसं सांगायचं? भट्टीवाले काका त्यांच्या बाजूने नव्हते. त्यांचं म्हणणं, दोन सेकंदही जास्त झाले. कोकवाल्यांना आयुष्यभर हेच वाटत आलंय की कारखाना त्यांच्यामुळे चालतो. हा वाद तीस वर्षांपासून चालू असावा, आम्ही त्याला नुसती भिंत पुरवली.

मग हेल्मेट. आमचं कार्टून-पात्र पिवळं हेल्मेट घालून हसत होतं. त्यावर आमची चित्रकार खूश होती, कारण कार्टूनला हेल्मेट घातलं की केस काढावे लागत नाहीत. सेफ्टीतून निवृत्त झालेल्या एका काकांनी मोबाइल डोळ्यांपाशी नेला, लांब नेला, परत जवळ आणला. "इसका चिन-स्ट्रॅप कहाँ है?" हनुवटीखालचा पट्टा. कार्टूनला हनुवटीच नव्हती. आधुनिक डिझाइनमध्ये नसते. शेवटी पट्ट्यासाठी हनुवटी काढली, हनुवटी आली म्हणून मान आली, आणि आमचं गोंडस पात्र एका रात्रीत आमच्याच गल्लीतल्या सिनियर ऑपरेटरसारखं दिसायला लागलं.

रंगाचंही तेच. वितळलेलं लोखंड आम्ही लालभडक केलं होतं. आबाजी म्हणाले, "लाल झालं म्हंजे थंड पडलं ना बावा. टॅपिंगच्या टायमाला ते पिवळं-पांढरं दिसते, निळ्या काचेतून पाहा लागते." मग रंगाची छटा ठरवायला चौघे जण दुपारभर बसले. फर्स्ट शिफ्टवाले म्हणत पिवळं, नाइटवाले म्हणत पांढरं. ग्राफिक डिझाइनच्या पुस्तकात याला उत्तर नाही.

आता आकड्यांकडे येतो. हा भाग खरं तर मला सगळ्यांत सोपा वाटत होता. जगभरचे असले व्हिडिओ ठरलेल्या चार मापांवर चालतात: हत्ती, फुटबॉलचं मैदान, आयफेल टॉवर आणि निळा देवमासा. भिलाईत रुळाचा १३० मीटरचा अखंड तुकडा काढतात, असे दोन जोडून २६० मीटरचा करतात. मीटरला ६० किलोच्या हिशेबाने तो भरतो १५.६ टन. हत्ती चार टनांचा धरला तर जवळपास चार हत्ती. पण भिलाईत हत्ती कशाला? आमच्या मैत्री बागेत पांढरे वाघ आहेत. दोनशे किलोचा वाघ धरून मी हिशेब केला: एक रूळ बरोबर अठ्ठ्याहत्तर वाघ. चित्रकार म्हणाली, तिचा दर वाघामागे आहे. लांबीला क्रिकेटची खेळपट्टी घेतली, २६० मीटरला जवळपास तेरा. हे मात्र गल्लीला एकदम पटलं. पोरं बाहेर जाऊन तेरा खेळपट्ट्या मोजायला लागली आणि सातवीपाशी कुणाच्या तरी अंगणातल्या पापडांत पोचली.

खरी अडचण क्षमतेच्या आकड्याची. सुरुवातीला वर्षाला दहा लाख टन, पुढे टप्प्याटप्प्याने चाळीस लाख. चित्रकाराला वाटत होतं, एक लॅडल, म्हणजे वितळलेलं लोखंड नेणारं भांडं, काढावं आणि ते चौपट उंच करावं. काढून दाखवलं, तर कोकवाले अंकल चमकले: "ये इतना बड़ा कब लगा?" त्यांचा डोळा बरोबर होता. उंची चौपट केली की रुंदीही चौपट होते आणि डोळ्याला क्षेत्रफळ दिसतं सोळापट. व्हिएन्नात १९२० च्या दशकात ऑटो नॉयरात यांनी यावर नियमच घालून दिला होता: आकडा मोठा झाला तर चित्र मोठं करू नये, तेच चित्र जास्त वेळा काढावं. चार लॅडल. नॉयरातला हे सुचायला एक संग्रहालय चालवावं लागलं. अंकलना खिडकीतून दिसलं.

पण सगळ्यांवर ताण केली ती क्रेनवाल्या काकांनी. ते फारसे बोलत नाहीत. बाकीचे भांडत असताना ते कोपऱ्यात बसून स्क्रीनवरचं एकच दृश्य पुन्हा पुन्हा बघत होते: हॉट मेटलने भरलेलं लॅडल डावीकडून उजवीकडे जातं आणि थांबतं. "यह आदमी मरेगा," ते शांतपणे म्हणाले. आमचा अॅनिमेटर गोंधळला. काकांनी पाण्याचा तांब्या काठोकाठ भरून मागवला, दोरीला बांधला आणि हात झटकन पुढे नेला. फरशी ओली. मग दुसऱ्यांदा हात हळू सुरू केला, मध्ये वेग घेतला, शेवटी परत हळू. तांब्या तरी थोडा पुढे झुलला. काकांनी झुलणाऱ्या तांब्यामागोमाग हात तेवढाच पुढे नेला, दोरी सरळ झाली आणि झोका जागेवर मेला. एक थेंब सांडला नाही. "केबिन में बैठके झूला पकड़ना पड़ता है. नीचे आदमी खड़े हैं."

आमच्या शाखेत यालाच ईझ इन, ईझ आउट म्हणतात. कीफ्रेमवर उजवं बटण दाबलं की मिळतं. आम्हाला ते पहिल्याच वर्षी शिकवलं होतं, हालचाल 'छान दिसते' म्हणून. छान का दिसते, याचं कारण असं तांब्यात असतं, हे कुणी बोललं नव्हतं. अॅनिमेटरने लॅपटॉप काकांपुढे सरकवला. त्यांनी वेगाची वक्ररेषा बोटाने काढून दिली आणि तीच व्हिडिओत गेली. सबंध नव्वद सेकंदांतले ते अडीच सेकंद बघताना आजही माझा श्वास नीट चालतो.

तशी हलत्या चित्रांतून माहिती सांगायची ही विद्या आपल्याकडे नवी नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली मटाराच्या दाण्याला अंकुर फुटताना थोडं थोडं टिपून 'अंकुराची वाढ' केली आणि ती दाखवून 'राजा हरिश्चंद्र'साठी पैसा उभा केला. म्हणजे मराठी माणसाचा पहिला इन्फोग्राफिक सावकारासाठी होता. विजया मुळ्यांनी १९७४ मध्ये 'एक अनेक और एकता' केला, तो दूरदर्शनवर बघत दोन पिढ्या मोठ्या झाल्या. फाळक्यांच्या झाडाला निदान एक फायदा होता. मटाराच्या खात्यातून कुणी रिटायर झालेलं नव्हतं.

बाकीचे प्रसंग नेहमीचेच. सॉफ्टवेअर जुनं, त्यात देवनागरी घातली की वेलांटी पुढच्या अक्षरावर जाऊन बसे आणि पडद्यावर 'भलिाई' असं गाव उगवे. शेवटी प्रत्येक शब्दाचं चित्र करून चिकटवलं. सेकंदाला चोवीस चित्रं या हिशेबाने २,१६० चित्रांचा रेंडर रात्री लावला. पहाटे आईने मच्छरचं मशीन लावायला चार्जर काढला. आईचं म्हणणं, डेंग्यू झाला असता तर कोणता व्हिडिओ पाठवला असता. याला उत्तर नव्हतं.

व्हिडिओ पूर्ण झाला तेव्हा ८४ सेकंदांचा भरला. आभारांसाठी सहा उरले. सल्लागारांची यादी केली, तर प्रत्येकाला नावासोबत खातं हवं, खात्यासोबत पद आणि एका काकांना तिकीट नंबरही. ते वाचण्याजोगं सरकवायचं तर व्हिडिओइतकीच दुसरी फिल्म करावी लागली असती. रात्री बैठक बसली. नावं नकोत, खातीही नकोत, कारण आधी भट्टी की आधी कोक हा प्रश्न पुन्हा उभा राहिला असता. मग एक ओळ ठरली: 'विशेष आभार : ए, बी, सी आणि जनरल शिफ्ट'. सगळ्यांना मान्य. क्रेनवाल्या काकांनी मान हलवली, कोकवाले अंकल चहाला थांबले. मी सेव्हचं बटण दाबणार, तेवढ्यात आतल्या खोलीतून आबाजींचा आवाज आला.

"आन् रिलीव्हर कुठी हाय? तो आला नाही तं यातला एकबी घरी जाऊ शकत नाही."