दुर्वास दारात उभे

खोल विचारात बुडायला आमच्या घरात जागा नाही. बाल्कनीत कपडे वाळत असतात, बाहेरच्या खोलीत टीव्ही चालू असतो आणि स्वयंपाकघरात विचार करत उभ्या राहिलेल्या माणसाच्या हातात सोलायला लसूण दिला जातो. तरीही दुपारी जेवण झाल्यावर खुर्चीत रेलले, की कधी कधी तो क्षण येतो. काळ म्हणजे काय, आपण कोण, सोसायटीचा मेंटेनन्स दरवर्षी का वाढतो, असा एखादा मूलभूत प्रश्न समोर उभा राहतो. नजर पंख्यावर स्थिरावते. उत्तर अगदी हाताशी आलेले असते आणि नेमकी बेल वाजते.

"काका, शेजारी कुणी नाहीये. पार्सल ठेवून घेता?"

पार्सल ठेवून घेतो. उत्तर मात्र जिन्यावरून केव्हाच उतरून गेलेले असते.

हे दुःख पुरातन आहे. शाकुंतलाच्या चौथ्या अंकात शकुंतला दुष्यंताच्या विचारात बुडून बसली आहे आणि आश्रमाच्या दारात दुर्वास उभे. हाक ऐकू गेली नाही एवढाच तिचा अपराध. त्यावर सरळ शाप. तोही किती नेमका! ज्याच्या विचारात हिला आमचे भान नाही, त्यानेच हिला विसरावे. महाभारतातल्या शकुंतलेच्या कथेत मात्र हा शाप नाही, नाटकासाठी तो कालिदासाने घातला. का घातला यावर पंडितांनी बरेच लिहिले आहे. मला विचाराल तर कालिदास ऐन लिहिण्याच्या तंद्रीत असताना दाराशी कुणीतरी आले असणार.

इंग्रज कवी कोलरिज याच्याकडे तर आलेच. १७९७ साली अफूच्या गुंगीत त्याला म्हणे दोन-तीनशे ओळींची कविता सुचली. जागा होऊन तो उतरवून घेऊ लागला, तेवढ्यात पोरलॉक गावाहून कुणी माणूस काही कामासाठी आला आणि तासाभराहून अधिक वेळ हलला नाही. तो गेल्यावर पाहतो तर कविता पुसट झालेली. १८१६ साली 'कुब्ला खान' छापली ती ५४ ओळींची, सोबत ही सगळी हकीकत प्रस्तावनेत. त्या माणसाचे नाव मात्र प्रस्तावनेत नाही. असा कुणी खरोखर आला होता का, अशी शंका अभ्यासकांनी घेतलेली आहे. माझी तर खात्रीच आहे, की पोरलॉकचा माणूस नसता तर कोलरिजला तो शोधून आणावा लागला असता. उरलेल्या अडीचशे ओळी कुठे आहेत, या प्रश्नाला दुसरे कोणते उत्तर होते?

मध्यंतरी घरची मंडळी सांगलीला लग्नाला गेली. मी बेल बंद केली, फोन कपाटात ठेवला, पंख्याखाली बसलो. विचार आला, खोल गेला, चांगलाच खोल गेला. इतका, की माझ्या मनात आले, 'वा! काय खोल विचार करतोय मी!' संपले. त्यापाठोपाठ आले ते गॅस बंद केलाय का, आणि आहेराच्या पाकिटात एक रुपयाचे नाणे घातले होते का. बेल न वाजता, कुणीही न येता, पार धुव्वा.

पतंजलींनी योगसूत्रांत चित्ताला विचलित करणारे नऊ अडथळे सांगितले आहेत. आजार आहे, संशय आहे, आळस आहे. आणि शेवटचा म्हणजे अवस्था साधली तरी ती न टिकणे. नऊच्या नऊ अडथळे आतलेच. त्यात शेजारी नाहीत, पाहुणे नाहीत, कुकरची शिट्टी नाही.

तंद्री टिकवून दाखवणारा माणूस एकच आठवतो, सॉक्रेटिस. पोटिडियाच्या मोहिमेवर असताना तो एका सकाळी विचार करत उभा राहिला तो दुसऱ्या दिवशी सूर्य उगवेपर्यंत. आयोनियातल्या काही सैनिकांनी तर रात्री अंथरुणे बाहेर आणून टाकली. उन्हाळ्याचे दिवस, गारव्याला झोपणेही होईल आणि हा रात्रभर उभा राहतो का तेही बघता येईल. (ही माणसे आमच्या सोसायटीत शोभली असती.) सूर्य उगवल्यावर सॉक्रेटिसने त्याची प्रार्थना केली आणि तो निघून गेला. प्लेटोने 'सिंपोझियम'मध्ये हे सगळे लिहून ठेवले आहे. इतका वेळ त्याने कसला विचार केला, तेवढे मात्र सांगितलेले नाही.

तेव्हा एखादा गृहस्थ शून्यात नजर लावून बसलेला दिसला, तर संकोच करू नका, खुशाल हाक मारा. तो दचकेल, चिडेल, "सगळं घालवलंत!" म्हणेल. म्हणू द्या. फक्त काय घालवले, ते विचारू नका.