सरळ रेषेतील दिल्ली

पुणे ते दिल्ली हे अंतर हवाई मार्गाने सुमारे १,२०० किलोमीटर असून ते दोन-सव्वादोन तासांत कापले जाते, असे प्रवासाच्या कोष्टकांत मोठ्या आत्मविश्वासाने छापलेले असते. आणि मनुष्यमात्र जन्मतःच लोहगावच्या धावपट्टीवर उभा असतो, हे त्यातील गृहीत एकदा निमूटपणे मान्य केले, की त्या हिशेबात खोट काढण्यास जागा उरत नाही.

इंदापूर तालुक्यातील कळंबकरास मात्र ही सवलत नाही. भल्या पहाटे घर सोडून, नावापुरतेच जंक्शन असलेल्या आणि आगगाडीचे दर्शन न घडविणाऱ्या गावी यावे, लासुर्णे, सणसर, भवानीनगर मागे टाकीत बारामती गाठावी, आणि गळिताचा हंगाम असल्यास, दोन ट्रेलरभर ऊस लादून, कर्कश गाणी लावून, रस्त्याचा मध्यभाग वडिलोपार्जित वतनासारखा अडवून चाललेल्या ट्रॅक्टरच्या पाठीशी नम्रपणे सरकत राहावे, असा येथील शिरस्ता आहे. पुढे पुण्याची कोंडी भेदून विमानतळावर पोहोचलेल्या या इसमास, विमान सुटण्याच्या दोन तास आधी हजर राहण्याचे फर्मान असतेच. सबब दिल्लीच्या प्रवासातील सर्वांत अल्प भाग कोणता, तर तो विमानाचा.

विमाने कळंबकरास अपरिचित आहेत असे मात्र नव्हे. बारामतीच्या धावपट्टीवरून उडालेली शिकाऊ वैमानिकांची विमाने या मुलखावर घिरट्या घालून निघाली तेथेच परततात, म्हणजे वेळ खर्च होऊन अंतर शून्य भरते. ज्या वालचंद हिराचंदांनी कळंबच्या माळावर साखर कारखाना व वालचंदनगर वसविले, त्यांनीच १९४० साली विमानांचा कारखानाही काढला. परंतु तो बंगळूरला. आमच्या वाट्यास साखर आली, उड्डाण परराज्यात गेले.

पुण्याच्या नव्या विमानतळाविषयी बोलावे, तर चाकण, खेड अशी मजल-दरमजल करीत त्याची तजवीज २०१६ साली पुरंदरास मुक्कामी आली. एकाही प्रवाशास न हलविता स्वतःच इतका प्रवास करणारा विमानतळ जगाच्या इतिहासात विरळाच.

यावर उपाय म्हणून, अंतराची मोजणी गावच्या एस.टी. थांब्यापासून व्हावी, अशी कैफियत कोणी सादर केलीच, तर दफ्तरातून येणारे उत्तर आम्हांस आजच दिसते आहे : अंतराचे कोष्टक शहरांपुरते असून कळंब हे शहर नसल्याने त्याचे अंतर निघत नाही, सबब ते शून्य समजावे. हा निर्णय सर्वस्वी चुकीचा म्हणता येणार नाही. निवडणुका जाहीर झाल्या, की खोडवा मोडून मोकळ्या केलेल्या रानात टँकरने पाणी मारले जाते, चुन्याचे वर्तुळ आखले जाते, आणि राजधानीतील थोर मंडळी हेलिकॉप्टरमधून उतरताच, आपण कळंबकरांच्या किती निकट आहोत, हे स्वमुखाने सांगतात. कोष्टक त्यांच्यासाठी अचूकच आहे. मतदानानंतरच्या परतीची वेळ तेवढी त्यात कोणी छापत नाही.