ताईंशी बोलणं झालंय

आमच्या ऑफिसने एकदा देहबोली शिकवायला एक सूटवाले गृहस्थ बोलावले. त्यांनी पडद्यावर आकडा दाखवला: माणसाचं म्हणणं 93 टक्के आवाजातून आणि हावभावांतून पोचतं, शब्दांचा वाटा जेमतेम 7. हे पटवायला ते जेवणाची सुट्टी होईपर्यंत अखंड बोलत होते.

हा आकडा निघाला अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाच्या 1967 सालच्या प्रयोगांतून. त्यांत सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवले, चेहऱ्यांचे फोटो दाखवले आणि विचारलं एवढंच, की या माणसाला समोरचा आवडतोय की नाही? सगळ्या बोलण्याला हा हिशेब लावू नका, असं पुढे खुद्द मेहराबियननी सांगितलं. पण शब्दांत सांगितलं. त्यामुळे फार तर 7 टक्के लोकांनी मनावर घेतलं असावं.

आमच्याकडे गणेशपुरीत हावभाव वाचायचा उद्योग त्याआधीच जोरात होता. भीमेश्वराच्या देवळाजवळ, गरम पाण्याच्या कुंडांशेजारी भगवान नित्यानंद राहायचे. बोलणं अगदी मोजकं. बरेचदा नुसता हुंकार. मुंबईहून माणसं यायची. कुणाला मोक्ष हवा, कुणाला मूल आणि काहींना ‘आकडा’. तेव्हा न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडते-बंद भाव मुंबईला यायचे आणि त्यांवर जुगार चालायचा. बाबांनी दोन बोटं उचलली की आकडेवाले म्हणे एकमेकांकडे बघत आणि पहिल्या एस्टीने मुंबई गाठत. बाबांनी डासच हाकलला असेल, ही शंका हरल्यावरसुद्धा कुणाला यायची नाही. हरणारा म्हणायचा, ‘माझंच बघण्यात चुकलं.’ देहबोलीच्या शास्त्राला याहून निष्ठावंत विद्यार्थी मिळणं कठीण.

1961 साली बाबांनी समाधी घेतली आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कहून भाव येणंही थांबलं. बिचाऱ्यांच्या दोन्ही खिडक्या एकदम बंद! मग मुंबईत मडक्यातून चिठ्ठ्या काढायची पद्धत निघाली. मडक्याला हावभाव नसतात, ही त्यातल्या त्यात सोय.

सूटवाल्यांचं ज्ञान ताजं असतानाच मी आणि बायको थंडीत गणेशपुरीला गेलो. हाताची घडी म्हणजे मनाची दारं बंद, असं वहीत लिहून घेतलं होतं. कुंडाच्या काठावर पंचे गुंडाळलेली झाडून सगळी मंडळी दारं बंद करून कुडकुडत उभी होती. एक काका तेवढे गुडघ्यापर्यंत पाण्यात. ‘या हो, काही गरम नाही!’ असं ते म्हणाले खरे, पण भुवया टकलाच्या मध्यापर्यंत चढल्या होत्या आणि पाय आळीपाळीने वर येत होते. इथे मात्र 93 टक्क्यांवर माझा विश्वास बसला. मी काठावरूनच तांब्याने पाणी घेतलं.

घरात हे शास्त्र मी रोज भोगतो. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात मस्तकाच्या 13 आणि दृष्टीच्या 36 तऱ्हा सांगितल्या आहेत. सदतिसावी, माझ्या बायकोची, त्यांना दिसली नाही, कारण मी पाहुण्यांसमोर लाडवाच्या ताटलीकडे पुन्हा हात नेला तेव्हा ते आमच्या घरी नव्हते. त्या दृष्टीत ना राग असतो ना मनाई. समोरच्याला फक्त आपलं पूर्ण नाव आठवतं.

तर गणेशपुरीत दर्शन झाल्यावर वज्रेश्वरीला जायला रिक्षा बघितली. रिक्षावाल्याने भाडं सांगितलं. मी शिकवल्याप्रमाणे खांदे मोकळे सोडले, तळवे उघडे दाखवले, नजरेला नजर भिडवली आणि वाजवी भाव करावा अशी विनंती केली. तो गालातली सुपारी इकडची तिकडे करत रस्त्याकडे बघत राहिला. बायको माझ्या मागे उभी होती. ती काही बोलली नाही; बोलली असती तर मला ऐकू आलं असतं. रिक्षावाल्याने तिच्याकडे एकदा पाहिलं, सुपारी थुंकली आणि सीटवर फडकं मारलं.

‘बसा ताई. वीस कमी द्या.’

मी पुन्हा तळवे उघडून भाड्याचा विषय काढायला गेलो, तर म्हणाला, ‘साहेब, तुम्ही नुसतं बसा. ताईंशी बोलणं झालंय.’