फायलीआडचे वाङ्मय

काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढून मराठी वाचकावर जे उपकार केले, त्यांची नोंद वाङ्मयेतिहासकारांनी यथासांग घेतली आहे, परंतु त्या उपकारांतील मोठा हिस्सा मराठी कारकुनाच्या पदरी पडला, ही बाब मात्र अद्याप कोणाच्याही दफ्तरी दाखल नाही.

वास्तविक कचेरीत वाचलेल्या कथेची गोडी घरी वाचलेल्या कथेस येत नाही. घरी कोणी हटकीत नाही, आणि म्हणूनच तिसऱ्या पानावर डोळा लागतो. उलट, उघड्या फायलीच्या पोटात अंक ठेवून, डाव्या हाताने टिप्पणीचे कागद चाळल्यासारखे करीत, उजव्या हातातील लेखणी समासावर तरंगती ठेवून आणि एक कान साहेबांच्या दालनाच्या झुलत्या दाराकडे लावून जो इसम रहस्यकथेच्या उत्तरार्धास भिडतो, त्याची एकाग्रता पाहून योगिजनांनीही मान खाली घालावी. साहेब आलेच, तर हाताशी येईल तो अर्ज खूण म्हणून पानांत सरकवावा, असा शिरस्ता आहे. आमच्या कचेरीत नळजोडणीचा एक अर्ज याच मार्गाने वाचनालयाच्या सभासदांच्या घरोघर हिंडून आला. (रीतसर मार्गाने तो इतका हिंडता, असे मला वाटत नाही.) अर्जदार चौकशीस आला, तेव्हा आवक-जावक लिपिकाने ‘अर्ज वाचनात आहे’ असे जे उत्तर दिले, त्यात असत्याचा लेशही नव्हता.

तरुण मंडळी हल्ली एका कानात इअरफोन अडकवून जुने चित्रपट हप्त्याहप्त्याने पाहतात. मध्यंतर केव्हा करायचे, हे चहावाला ठरवितो. आणि यात लाजण्यासारखे काय आहे? बडोदे संस्थानच्या दफ्तराचा कारभार सांभाळणाऱ्या चिं. वि. जोशी यांनीच चिमणराव नामक कारकुनास मराठी वाङ्मयाच्या सेवेत कायम केले.

संकट ओढवले ते सरकारच्या सहानुभूतीमुळे. १५ ऑक्टोबर हा डॉ. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस २०१५ पासून ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून पाळण्याचे ठरले, आणि एका चोरट्या सुखास राजमान्यता मिळाली. त्या दिवशी आमच्याकडे ग्रंथपूजन होते, भाषण होते, छायाचित्रे निघतात. पुस्तके कपाटातून मोजून बाहेर येतात आणि मोजून आत जातात. ज्या मंडळींना एरवी वाचनामुळे कामास सवड मिळत नाही, त्यांना त्या दिवशी अहवालाच्या कामामुळे वाचनास सवड मिळत नाही. अहवालाच्या तक्त्यात ग्रंथाचे नाव, ग्रंथकर्ता, पृष्ठसंख्या आणि ‘प्राप्त प्रेरणा’ असे रकाने आहेत. अंकांचा फडशा पाडण्यात ज्यांचा हात कोणी धरणार नाही, त्या आमच्या ज्येष्ठ लिपिकांनी गेल्या खेपेस शेवटच्या रकान्यात ‘निरंक’ असा शेरा भरून तक्ता सादर केला, आणि साहेबांनी तो न वाचताच त्याखाली सही केली.