वायपर मे महिन्यात बदलायचे असतात

बोर्ली पंचतनचा माणूस गाडीच्या वायपरकडे वर्षातून एकदाच नीट बघतो, आणि तेही मे संपता संपता. रायगडच्या किनाऱ्यावर पाऊस पडतो ३००० मिलिमीटरच्या आसपास. ३ जून २०२० ला तर निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या अंगाने थेट घरात शिरलं होतं. असलं पाणी बघितलेल्याला डिसेंबरातल्या दवाबद्दल सावध करायला जाणं म्हणजे पट्टीच्या पोहणाऱ्याला बादलीपासून जपायला सांगणं. ‘‘दवाला काय घाबरायचं?’’ म्हणत तो किल्ली फिरवतो. पहिल्या दोन-तीन वळणांवर त्याला रस्ता दिसत नसतो, पाठ असतो.

आकाश निरभ्र असलं की काच रात्रभर आपली उष्णता वर सोडत राहते आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार पडते. समुद्राकडची ओली हवा त्या काचेला टेकली की तिचं पाणी होतं. म्हणून खळ्यात उघड्यावर लावलेली गाडी सकाळी न्हाऊन निघालेली असते आणि मांडवाखालची जवळजवळ कोरडी. हे कळल्यावर काही पाहुणे हुशारीने गाडी माडाखाली नेऊन लावतात. दव कमी पडतं, हे खरं. नारळ पडतो, हे वाडीवाल्याने सांगायच्या आत कळतं.

नुसतं पाणी असतं तर भागलं असतं. पण दिवेआगरचा समुद्र इथून जवळ, आणि त्याचा खारा वारा काचेवर रोज थोडं मीठ ठेवून जातो. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की हे मीठ आपण होऊन पाणी ओढून घेतं आणि विरघळतं. त्यावर धूळ. आणि या सगळ्यावर वायपर, ज्याच्या रबराने अख्खी ऑक्टोबर हीट उघड्यावर काढलेली आहे. तो एकदा इकडून तिकडे गेला की काचेवर दुधाळ कमानी उमटतात.

मग घरातून फडकं येतं. कोकणातच काय, सगळ्या महाराष्ट्रात गाडीचं फडकं म्हणजे निवृत्त बनियन. त्याने कालच चेन पुसलेली असते, परवा इंजिनचं झाकण. कमानी जाऊन इंद्रधनुष्य येतं. तेवढ्यात कुणीतरी बंबातलं कढत पाणी घेऊन धावतं. खडीचा दगड उडून काचेला आधीच बारीकसा टवका गेलेला असला, तर गार काचेवर कढत पाणी पडताच तो टवका हातपाय पसरू शकतो. खरं तर तांब्याभर साधं पाणी ओतून आधी मीठ वाहून जाऊ द्यावं आणि मगच वायपर फिरवावा. पण फुकटच्या उपायावर सहसा कुणाचा विश्वास बसत नाही.

जाणती मंडळी इथे तंबाखूची आठवण काढतात. पावसात वायपर बंद पडला की जुने ड्रायव्हर काचेवर तंबाखू चोळायचे, काही जण कापलेला बटाटा. पाण्याचे थेंब न होता ते सपाट पसरतं आणि समोरचं बऱ्यापैकी दिसतं. धो धो पावसात ही युक्ती चालते, कारण वरून धुवायला पाऊस असतो. जानेवारीत तो नसतो. मीठ, धूळ आणि इंजिन ऑइल यांच्या पंगतीत फक्त तंबाखू येऊन बसते.

गंमत म्हणजे वायपरची कल्पना सुचली ती थंडीतच. अलाबामाच्या मेरी अँडरसन ऐन हिवाळ्यात न्यूयॉर्कला गेल्या होत्या. गारठ्यात समोरची काच उघडी टाकून गाडी हाकणारा ट्रामचालक त्यांनी पाहिला आणि आतून दांड्याने फिरवता येईल अशी रबरी पट्टी योजली. १० नोव्हेंबर १९०३ ला त्यांना पेटंट मिळालं. १९०५ मध्ये एका कॅनेडियन कंपनीने या वस्तूला बाजारात किंमत नाही, असं कळवलं. मेरीबाईंची पट्टी चांगल्या हवेत काढून ठेवता येत असे. बोर्लीकर ती न काढता विसरून जातो, एवढाच फरक.

बाहेरची काच कशीबशी साफ झाली की आतली धुरकटते. माणूस दिवसाकाठी तीन-चारशे मिलिलिटर पाणी नुसत्या श्वासातून बाहेर टाकतो. आता पहाटे पुण्याच्या लग्नाला निघालेली सात जणांची गाडी बघा. सातही जण एकाच वेळी बोलताहेत, मागे बर्फातल्या पापलेटांचा थर्माकोलचा खोका आहे, त्यावर कुणाचा तरी ओला टॉवेल. धूळ येऊ नये म्हणून ‘आतलीच हवा आत फिरवा’ हे गाडीच्या चित्रात वळलेल्या बाणाचं बटण दिवाळीपासून दाबलेलंच आहे. काच पांढरी होते. काका तळहाताने पुसतात. तळहाताला सकाळचं खोबरेल.

‘‘काका, एसी लावा,’’ मागून पुतण्या सुचवतो.

‘‘थंडीत एसी? सर्दी होईल सगळ्यांना.’’

एसी हवा गार करताना तिच्यातलं पाणीही काढून घेतो. गाडीखाली जे ठिबकतं ते तेच. सोबत हीटर चालू ठेवला, हवा काचेकडे वळवली आणि बाहेरची ताजी हवा आत घेतली, तर काच बघता बघता निवळते आणि सर्दीही होत नाही. पण ‘एसी आणि हीटर एकदम’ हे ऐकून काकांच्या चेहऱ्यावर जे येतं, ते पेट्रोलच्या भावाशी निगडित असतं.

उरलेल्या काचेवर देवादिकांचा हक्क असतो. वरच्या पट्टीवर ‘श्री हरिहरेश्वर प्रसन्न’, आरशाला गोंड्यांचा हार, मध्ये फास्टॅग, कोपऱ्यात मुलीच्या शाळेचा स्टिकर. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये काचांवरच्या काळ्या फिल्म बंद केल्या. समोरच्या काचेतून ७० टक्के उजेड आत यायलाच हवा, असा नियम आहे. हाराचं माप मात्र कुणी घेत नाही.

आणि पुण्याला जायचं ते म्हसळ्यावरून, म्हसळा बोर्लीच्या आग्नेयेला. जानेवारीत सव्वासातच्या सुमारास सूर्यही नेमका त्याच बाजूला उगवतो. तोवर निभावलेला मिठाचा लेप त्या तिरप्या उन्हात एकदम पेटतो आणि अख्खी काच पांढरा पडदा होते. समोरून एसटी येत असते. काका ब्रेक दाबतात, मागे खोका सरकतो, सातही जण पहिल्यांदाच गप्प होतात.

पुढे स्पेअरपार्टचं दुकान उघडलेलं दिसतं तेव्हा काका गाडी थांबवतात आणि वायपरची रबरं मागतात. दुकानदार एकदा आकाशाकडे बघतो, एकदा काकांकडे.

‘‘आत्ता? आत्ता कुठून देऊ? माल मेमध्ये येतो.’’